न मुरगळलेला पाय

इंद्रायणीला व्हॉलीबॉलच्या क्लबात नेलं ते सृष्टीनं. इंद्रायणी ही गोष्ट सांगायला बसली की इथूनच सुरुवात करते.

ती शिनोलीच्या वरच्या अंगाची. भीमाशंकरच्या रस्त्याला गाडीतून उतरून डोंगरात तासभर चाललं की त्यांची वाडी लागते. वडील बहिरू भात आणि नाचणी करतात. उन्हाळ्यात घरातले सगळे जंगलात हिरडा गोळा करतात आणि सुकवून विकतात. आठवीपर्यंत ती आश्रमशाळेत शिकली. नववीला तिची मावशी बायडाबाई तिला मंचरला घेऊन आली. मावशी मार्केट यार्डात बटाटे निवडायला जायची, एका खोलीत एकटी राहायची. “पोरगी शिकंल आन मला बी सोबत व्हईल,” एवढंच ती बहिणीला म्हणाली होती.

नव्या शाळेत इंद्रायणी वर्गातल्या सगळ्यांपेक्षा वीतभर उंच. पोरं तिला ‘टॉवर’ म्हणायची. ती शेवटच्या बाकावर, भिंतीच्या कडेला, पाठीला पोक काढून बसायची. तिच्या शेजारी आपणहून येऊन बसली ती सृष्टी. सृष्टी निरगुडसरची. घराणं पूर्वी मेंढरं घेऊन रानोमाळ फिरणारं. अजून दारात वीस-पंचवीस मेंढरं होती, पण वडील जालिंदर आता शेती बघत आणि पिकअप गाडी चालवत. सृष्टीचं तोंड दिवसभर बंद नसायचं. तिसऱ्याच दिवशी ती म्हणाली, “तू आमच्या क्लबात ये. आमच्यात सगळ्या बुटक्या हायेत. नेटच्या वर हात जाणारी एक बी नाय.”

“मला नाय येत खेळायला.”

“उंची शिकवता येत नाय गं. बाकीचं मॅडम शिकवत्यात.”

क्लब प्रतिभा मॅडम चालवायच्या, सोळा वर्षांखालच्या मुलींचा. त्या दिवसा एका दूध डेअरीत हिशेबनीस होत्या आणि संध्याकाळी साडेपाचला मैदानावर. कॉलेजात असताना त्या विद्यापीठाकडून खेळल्या होत्या. दोन लोखंडी खांब, एक नेट, चार बॉल आणि अकरा मुली, एवढा तो क्लब. इंद्रायणी ही बारावी मुलगी.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी तेव्हा इंद्रायणीशिवाय कुणालाच नीट माहीत नव्हती. कागदावर ती चौदा वर्षांची होती. खरं वय सतराला टेकलं होतं.

यात कुणाचा डाव नव्हता. तिची धाकटी बहीण मंगल झाली तेव्हा आई वर्षभर अंथरुणाला खिळली. इंद्रायणी सहा वर्षांची होती. पुढची दोन-अडीच वर्षं मंगल तिच्या कडेवर होती आणि शाळा राहून गेली. मग आश्रमशाळेचे गुरुजी वाडीवर पोरं गोळा करायला आले. त्यांनी जन्मतारीख विचारली. आई म्हणाली, “भात काढायच्या दिसांत झाली.” कुठल्या साली, ते तिला सांगता येईना. गुरुजींनी एकवार पोरीकडं बघितलं. तेव्हा ती काटकुळी आणि लहानखुरी होती. त्यांनी एक जून लिहिला आणि पहिलीच्या वयाला बसेल असं साल टाकलं. आधार कार्डावरही पुढं तेच आलं.

सातवीत जातीच्या दाखल्यासाठी कागद हवे होते, तेव्हा तिनं घरातली पत्र्याची पेटी उघडली. तळाशी लसीकरणाचं कार्ड सापडलं, नर्सबाईच्या हातचं. त्यावर तिचं नाव होतं, आईचं नाव होतं आणि तारीख होती. तिनं बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. अडीच वर्षांचा फरक. तिनं कार्ड होतं तसं खाली ठेवलं आणि वर लुगडी रचली. वर्गातल्या पोरींपेक्षा आपण मोठ्या दिसतो याची तिला आधीच लाज वाटत होती. निदान कागद तरी आपल्या बाजूनं आहे, असं तिला वाटलं.

क्लबात नाव घालताना प्रतिभा मॅडमनी तिचं आधार कार्ड हातात घेतलं आणि चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं. “एक जून. आपल्याकडं निम्म्या गावाचा वाढदिवस एक जूनलाच असतो. इंद्रायणी, ही तारीख खरी आहे ना? आपण सोळाच्या आत खेळतो.”

सृष्टी बाजूलाच उभी होती, बॉल हातावर उडवत.

“खरी हाय, मॅडम,” इंद्रायणी म्हणाली.

मॅडमनी कार्ड परत दिलं. “चल, मग धाव. पाच फेऱ्या.”

इंद्रायणीला खेळ आला, आणि तिच्या स्वतःच्या कल्पनेपेक्षा लवकर आला. हात कसे जोडायचे, गुडघ्यात कसं वाकायचं, उडायच्या आधीची तीन पावलं कशी टाकायची, हे मॅडम दाखवायच्या आणि नंतर मैदान रिकामं झाल्यावर सृष्टी तिच्याकडून घोटून घ्यायची. “डावा, उजवा, डावा. आन मग वर. आगं, भाताच्या खाचरात चालल्यासारखी काय चालतीस?” दोघी हसून खाली बसायच्या. निरगुडसरची शेवटची एसटी चुकू नये म्हणून सृष्टी मग दप्तर छातीशी धरून पळायची.

नेटजवळची डावी बाजू ही स्मॅश मारणाऱ्या मुलीची जागा. ती जागा सृष्टीची होती. दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी मॅडमनी संघ लावला आणि म्हणाल्या, “इंद्रायणी, तू डाव्या बाजूला. सृष्टी, तू राखीव.”

सृष्टी एक क्षण तिथंच उभी राहिली. मग बाजूला होऊन म्हणाली, “बरं झालं. तिथं मला लई भ्याव वाटायचं.”

तिला तिथं कधीच भ्याव वाटलं नव्हतं, हे इंद्रायणीला ठाऊक होतं.

दिवाळीनंतर नारायणगावला पहिली स्पर्धा झाली. फायनलला समोरच्या संघातल्या मुली तेरा-चौदाच्या, खरोखरच्या. दुसऱ्या सेटमध्ये इंद्रायणीनं मारलेला एक बॉल समोरच्या बारक्या मुलीच्या तोंडावर बसला. मुलगी मागं पडली. नाकातून रक्त आलं. बाहेर लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण पॉइंट आपला होता. कुणीतरी ओरडलं, “टॉवर, अजून एक!” ती मुलगी जर्सीच्या बाहीनं नाक दाबून बाहेर गेली. तिचे खांदे मंगलएवढे होते. इंद्रायणीनं पुढचे दोन बॉल मुद्दाम हळू मारले. मॅडम ओरडल्या, तसं ती पुन्हा जोरात मारायला लागली. तो कप क्लबाला मिळाला. पंधरा दिवसांनी घोडेगावचाही मिळाला. कप्तान श्रेयानं दोन्ही कप डोक्यावर घेऊन मैदानाला फेरी मारली आणि सगळ्यांनी इंद्रायणीला उचललं. वर उचललेलं असताना तिला फक्त खाली उतरायचं होतं.

डिसेंबरात जुन्नरला मोठी स्पर्धा होती. तीन तालुक्यांतले क्लब. जालिंदरनं आपली पिकअप पुढं केली. मागं ताडपत्री अंथरून सगळ्या मुली बसल्या. गाडीत थंडीनं दात वाजत होते आणि सृष्टी सगळ्यांना आजीनं दिलेले शेंगदाण्याचे लाडू वाटत होती. ती अजून राखीवच होती. तरी सगळ्यांत जास्त आवाज तिचाच.

सकाळचा सामना जिंकला. दुपारी फायनल. फायनलच्या आधी संयोजकांनी माइकवर सांगितलं की ह्या सामन्यातून पाच मुली जिल्ह्याच्या संघासाठी निवडल्या जाणार आहेत. निवडलेल्या मुलींची पुढच्या आठवड्यात पुण्याला वयाची तपासणी होईल. मनगटाचा एक्स-रे काढतात, हाडावरून वय कळतं.

मुली एकमेकींना मिठ्या मारायला लागल्या. श्रेया इंद्रायणीच्या पाठीत धपाटा घालून म्हणाली, “तुझं तर पक्कंच हाय.”

इंद्रायणी नळावर पाणी प्यायला गेली. नळाखाली तिनं आपलं मनगट धरलं आणि उलटसुलट करून बघितलं. बाहेरून काहीच दिसत नव्हतं.

फायनलचा पहिला सेट यांचा, दुसरा त्यांचा. तिसरा, निकालाचा सेट पंधरा पॉइंटांचा. त्यात अकरा-आठ अशी यांची आघाडी होती आणि त्यातले सहा पॉइंट एकट्या इंद्रायणीचे होते. टेबलाजवळ निवड करणारे दोघं बसले होते. एकानं तिच्याकडं पेनानं बोट दाखवलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. तिला ते दिसलं.

पुढच्या बॉलला ती ब्लॉकसाठी उडाली. खाली आली ती नीट दोन्ही पायांवर आली. मग तिनं स्वतःला डावीकडं पडू दिलं, डावा घोटा दोन्ही हातांनी धरला आणि “आई गं!” म्हणून ओरडली.

शिट्टी वाजली. मॅडम धावत आल्या, स्प्रे मारला. “उभी राहता येतंय का?” तिनं मान हलवली. नाही. तिचे डोळे भरून आले होते ते खरेच होते, म्हणून कुणाला शंका आली नाही.

“सृष्टी, आत ये.”

सृष्टी सकाळपासून नुसती बाकावर बसलेली होती. हात गार पडलेले, पाय आखडलेले. पहिला बॉल तिच्या हाताला लागून मागं गेला. दुसरा तिनं उचलला, पण स्मॅश बाहेर गेला. तरी ती झटली. एक पॉइंट तिनं स्वतः काढला. दोन्ही संघ पुढंमागं करत तेरा-चौदावर आले. आता एक पॉइंट त्यांना मिळाला तर सामना संपणार. सर्व्हिस सृष्टीची होती. तिनं बॉल दोनदा आपटला, वर टाकला आणि मारला. बॉल नेटच्या वरच्या पट्टीला लागला आणि आतल्या बाजूलाच खाली पडला.

समोरच्या मुली किंचाळत एकमेकींवर पडल्या. सृष्टी आहे तिथंच उभी राहिली. हात अजून पुढं होता.

मॅडमचा तोल गेला. त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, “एक साधी सर्व्हिस! नेटच्या पलीकडं फक्त टाकायची होती!” नंतर त्या स्वतःच गप्प झाल्या. पण बोलून झालं होतं.

बाकावर बसलेल्या इंद्रायणीजवळ सृष्टी आली, खाली बसली आणि पिशवीतली स्वतःची ओढणी फाडून तिचा घोटा बांधायला लागली. “माफ कर मला,” ती म्हणाली. “तू येवढं आणून दिलं व्हतं. मी घालवलं.”

इंद्रायणीनं पाय तसाच पुढं ठेवला.

परतीच्या वाटेवर सगळ्या पुन्हा पिकअपमध्ये बसल्या. इंद्रायणीचा पाय हलू नये म्हणून सृष्टीनं तो आपल्या मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला. खड्डा आला की ती पाय किंचित वर उचलून धरायची. इंद्रायणीला कण्हावं लागलं. जुन्नरपासून मंचरपर्यंत ती कण्हत राहिली.

निवडलेल्या पाच मुलींत श्रेया होती. इंद्रायणीचं नाव दुखापतीमुळं कापलं गेलं.

मग लंगडण्याचे दिवस सुरू झाले. शाळेत लंगडत जायचं, मैदानाच्या कडेला लंगडत जाऊन बसायचं. चौथ्या दिवशी ती हंडा घेऊन खोलीत शिरली तेव्हा मावशी बटाट्याच्या भाजीला फोडणी देत होती. तिनं मान वळवून बघितलं.

“काल डावा व्हता ना गं पाय?”

इंद्रायणीनं खाली बघितलं. ती उजव्या पायानं लंगडत होती.

 मावशीनं भाजीवर झाकण ठेवलं, दोन ताटं घेतली. जेवताना तिनं इंद्रायणीकडं बघितलं नाही, आणि त्यानंतर “पाय कसा हाय” असं एकदाही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून इंद्रायणी नीट चालायला लागली.

सृष्टी मात्र क्लबात यायची थांबली. शाळेत ती आता दुसऱ्या बाकावर बसायची. पोरं तिला बघून हवेत सर्व्हिस मारल्यासारखं करायची आणि “नेट!” म्हणून ओरडायची. तिनं कधी उलट उत्तर दिलं नाही, आणि सृष्टीनं उलट उत्तर न देणं हे कुणी पूर्वी बघितलं नव्हतं. क्लबातही मुली बोलायच्या, “सृष्टीनं कप घालवला.” इंद्रायणी ऐकायची आणि बुटाच्या लेस बांधत राहायची. ती परत डाव्या बाजूला खेळायला लागली होती. मॅडम म्हणायच्या, “बघा, पाय बरा होताच आली. याला म्हणतात जिद्द.” तेव्हा तिला वाटायचं की मैदान फाटावं आणि आपण आत जावं.

महिना गेला. संक्रांतीनंतरच्या रविवारी ती एसटीत बसून निरगुडसरला गेली. घर विचारत विचारत पोचली. दारासमोर वाघूर लावून, म्हणजे जाळीचं कुंपण करून, मेंढरं कोंडली होती. सृष्टीची आजी तुकाबाई एका कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. जालिंदर गाडी घेऊन बाहेर गेला होता.

“तू इंद्रायणी का?” तुकाबाई म्हणाली. “उंचीवरनंच वळखलं. ये, बस, बाय. सृष्टे, पावणी आलीया, च्या टाक.”

आतून सृष्टीनं डोकावून बघितलं. “आली व्हय,” म्हणाली आणि आत गेली. रागानं नाही. तिला वाटत होतं की आपल्यालाच तोंड दाखवायला जागा नाही.

तुकाबाईनं कोकरू खाली सोडलं. “पाय कसा हाय आता? सृष्टी लई सांगायची. रडायची, म्हनायची, तिचा पाय मोडला आन मी सामना घालवला. इकडं कर. तेल चोळते. मेंढराचा पाय मुरगळला तर आठ दिसांत बरा करते मी, तुझा का न्हाई व्हनार?”

तिनं इंद्रायणीचा डावा पाय धरून आपल्या मांडीवर घेतलासुद्धा. बाजूच्या वाटीतलं तेल हातावर घेतलं. तिचे तळवे खरखरीत आणि गरम होते. अंगठ्यानं तिनं घोट्याभोवती हळूहळू दाबायला सुरुवात केली. “हितं दुखतंय? का हितं?”

सृष्टी चहाचे कप घेऊन दारात आली.

“आज्जी, सोडा,” इंद्रायणी म्हणाली. “पायाला काय झालंच न्हवतं.”

तुकाबाईचे हात थांबले.

“मी मुद्दाम पडले. त्ये एक्स-रे काढनार व्हते. माझं वय सतरा हाय. कागदावर खोटं हाय. मॅडमना कळनार व्हतं, सगळ्यांना कळनार व्हतं, म्हनून मी पडले.” हे सगळं तिनं मेंढरांकडं बघून सांगितलं. दुसरीकडं बघता येत नव्हतं.

 कोकरू बाटलीकडं तोंड करून ओरडत होतं. मग सृष्टी म्हणाली, “गाडीत मी तुझा पाय मांडीवर घेतला व्हता.”

“हां.”

“खड्डा आला की तू ‘आई गं’ म्हनायचीस.”

“हां.”

“ते कशाला केलंस?” सृष्टीचा आवाज फाटला. “पडलीस ते पडलीस. येवढं तरी नसतं केलं तर चाललं असतं.”

 

तुकाबाईनं इंद्रायणीचा पाय मांडीवरून उचलून जमिनीवर ठेवला. अगदी सावकाश, दुखऱ्या पायासारखा. तेलाचा हात लुगड्याला पुसला. “च्या प्या,” ती म्हणाली. “आन मग जा. एसटी निघंल.”

इंद्रायणीनं अर्धा चहा तसाच ठेवला. ती उठली तेव्हा सृष्टी वाघुरीपर्यंत तिच्यामागं आली. “मला सांगून काय उपेग?” ती म्हणाली. “माझ्यावर सगळ्यांच्या समोर पडलं व्हतं. तू बी सगळ्यांच्या समोर सांग.”

सोमवारी संध्याकाळी मुली फेऱ्या मारून गोलात बसल्या तेव्हा इंद्रायणी उभी राहिली आणि तिनं सांगितलं. निम्म्यावर तिचा आवाज इतका बारीक झाला की श्रेया म्हणाली, “मोठ्यानं बोल.” मग तिनं मोठ्यानं सांगितलं. सृष्टीनं सामना घालवला नाही, मी घालवला, हे तिनं दोनदा सांगितलं.

श्रेया उठली आणि बॉल जाळीत भरायला लागली. बाकीच्या मुली एकेक करून तिच्यामागं गेल्या. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात लावला नाही. मैदानावर ती आणि मॅडम उरल्या.

मॅडम बराच वेळ शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होत्या. “मी विचारलं होतं तुला,” त्या म्हणाल्या.

“हो, मॅडम.”

“तू तारीख खरी आहे म्हणालीस आणि मला बरं वाटलं. उंच मुलगी मिळाली होती. म्हणून मी पुन्हा विचारलं नाही.” त्या उठल्या. “हे तुझ्या एकटीचं नाही. पण कप मला परत द्यावे लागतील.”

त्यांनी खरंच पत्रं लिहिली. नारायणगावचा आणि घोडेगावचा, दोन्ही कप परत गेले. ज्या क्लबांना ते मिळायला हवे होते त्यांच्याकडं मॅडम स्वतः घेऊन गेल्या. नाकातून रक्त आलेली ती मुलगी ज्या संघातली, तिथं इंद्रायणीला बरोबर नेलं. मुलीचं नाव उज्ज्वला होतं. तिनं कप घेतला, हाताशी धरला आणि विचारलं, “तुमी खरंच सतरा वर्षांच्या हाय?” इंद्रायणीनं मान डोलावली. “मग ठीक हाय,” ती म्हणाली. “मला वाटलं, मीच लई कच्ची.”

क्लबाला त्या हंगामात पुढं कुठंच खेळता आलं नाही. मुलींचे आईबाप मैदानावर येऊन बोलून गेले. दोन घरांनी आपल्या पोरी काढून घेतल्या. श्रेया पुण्याला जिल्ह्याच्या संघात खेळून आली, पण इंद्रायणीशी दहावी संपेपर्यंत बोलली नाही.

वाडीवर निरोप गेला तेव्हा तिची आई पेटीतलं ते कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून, कमरेला खोचून मंचरला आली. “मला साल सांगता आलं असतं तर ह्यातलं कायबी झालं नसतं,” असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. इंद्रायणीला तिला गप्प करता येईना. बायडाबाई बहिणीला म्हणाली, “साल तुला नव्हतं येत. बोलायला तर हिला येत व्हतं.” मग तिलाच वाईट वाटलं आणि तिनं इंद्रायणीच्या ताटात भाकरीचा आणखी एक तुकडा वाढला.

जन्मतारीख दुरुस्त करायला वर्ष गेलं. तहसील कचेरीत प्रतिज्ञापत्र, शाळेचं पत्र, त्या जुन्या नर्सबाईंचा शोध. काम झालं तेव्हा ती अठराची झाली होती, आणि मुलींच्या कुठल्याच वयोगटात तिला खेळता येणार नव्हतं. क्लबात ती पुन्हा गेली नाही. मॅडमनी एकदा बोलावलं होतं, लहान मुलींना शिकवायला ये म्हणून. ती मैदानाच्या फाटकापर्यंत गेली आणि परत फिरली. आता अकरावीला ती घोडेगावला शिकते. कधी कुणी एसटीत विचारतं, “तू त्या क्लबातली ना?” तेव्हा ती खिडकीकडं तोंड करते.

सृष्टी क्लबात परतली होती, डाव्या बाजूला. दोघींचं बोलणं आता पूर्वीसारखं नव्हतं. तोंडासमोर आल्या तर बोलायच्या, एवढंच. गेल्या डिसेंबरात मावशीच्या फोनवर सृष्टीचा मेसेज आला. ‘रविवारी जुन्नरला फायनल. बघायला ये.’

इंद्रायणी गेली. प्रेक्षकांत अगदी मागं उभी राहिली. पुढं बाकावर जालिंदर बसला होता. त्यानं मागं बघितलं, तिला ओळखलं. तिला वाटलं आता काहीतरी बोलणार. तो बाकावर बाजूला सरकला आणि रिकाम्या जागेवर हात आपटला. ती जाऊन बसली. दोघं सामनाभर एक शब्द बोलले नाहीत.

सृष्टी चांगली खेळली. तिची उंची काही वाढली नव्हती, पण ती बॉल कुठं रिकामं आहे ते बघून टाकायची. तरी त्या हरल्या, दोन सरळ सेटमध्ये. सामना संपल्यावर ती घामानं निथळत बाकाजवळ आली, इंद्रायणीच्या हातातली बाटली घेतली आणि गटागटा पाणी प्यायली.

“तू गप का बसली व्हतीस?” ती म्हणाली.

“मी कसं ओरडू?” इंद्रायणी म्हणाली. “मला लाज वाटती.”

“वाटू दे की. पन ओरडायचं. आत आसताना आवाज लागतो.” तिनं बाटली परत दिली आणि मुलींकडं गेली.

लहान गटाची फायनल अजून व्हायची होती, दुसऱ्याच दोन क्लबांची. जालिंदर गाडी काढायला उठला. इंद्रायणी तिथंच बसून राहिली. समोर अनोळखी, बारक्या मुली हात झाडत मैदानात उतरत होत्या. एकीच्या सर्व्हिसचा बॉल नेटला लागून खाली पडला आणि ती ओशाळून इकडंतिकडं बघायला लागली.  इंद्रायणी उभी राहिली आणि ओरडली, “जाऊ दे गं! पुढचा!”